आभासी प्राणी चालायला शिकत नाहीत, नुसते आडवे पडतात. अल्गोरिदम बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायबुलेट या भौतिकशास्त्राच्या सिम्युलेशन इंजिनमध्ये तुम्ही उत्क्रांतीने प्राणी घडवताय; पॉप्युलेशन (एका पिढीतले प्राणी) 50, पिढ्या 50, फिटनेस (निवडीचे गुण) म्हणजे 10 सेकंदांत कापलेलं अंतर, आणि दर वेळी जिंकतो एक उंच खांब, जो फक्त पडतो. तेव्हा आता 'नीट' (NEAT, म्हणजे प्राण्याचा मेंदू असलेलं न्यूरल नेटवर्क उत्क्रांतीतून वाढवत नेणारा) अल्गोरिदम वापरू का?

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! तुमचा अल्गोरिदम चोख काम करतोय. तुम्ही ज्याला गुण देताय, तेच तो आणून देतोय.

हिशेब करा. 2 मीटर उंचीचा खांब आडवा झाला की त्याचा गुरुत्वमध्य सुमारे 1 मीटर सरकतो. त्याला ना मेंदू लागतो, ना सांधा. सुरुवातीच्या पिढ्यांतला खराखुरा सरपटणारा प्राणी सेकंदाला 5 सेंटिमीटर गेला तरी खूप, म्हणजे 10 सेकंदांत अर्धा मीटर. तो बाद, खांब पास. पुढच्या पिढीत खांब आणखी उंच. उंची वाढायला एक आकडा बदलला की झालं. चाल जमायला दोन-तीन सांध्यांचा ताल जुळावा लागतो.

असेच आभासी प्राणी उत्क्रांत करणाऱ्या कार्ल सिम्स या संशोधकाने 1994 मध्येच ही पळवाट बुजवली होती. आधी घर्षण शून्य, स्नायू बंद, आणि गुरुत्वमध्य खाली येऊन स्थिरावेपर्यंत प्राण्याला तसंच सोडायचं. अंतर मोजायचं ते त्यानंतर.

ऐकायला सोपं आहे, पण पायबुलेटमध्ये करताना मी इथेच अडकलो. एक तर तिथे प्रत्येक सांध्यावर वेगाची मोटर मुळातच चालू असते. तुम्ही काही आज्ञा दिली नाही तरी ती सांधा धरून ठेवते. तिचं कमाल बल 0 दिल्याशिवाय शरीर सैल पडत नाही. दुसरं म्हणजे एकसंध खांब सैल पडणार तरी कसा? तो ऐटीत उभा राहतो, गुरुत्वमध्य स्थिर दिसतो, आणि मोजणी सुरू झाली की एका झटक्यात आडवा. म्हणून सुरुवातीला थोडं कलतं सोडून पाहिलं. 20 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर उंच खांबाला 5 अंश कल दिला तर तो डुलून परत सरळ बसतो, कारण कलंडायची सीमा आहे साधारण 5.7 अंश. 10 अंश दिले तर पडतो, पण रुंदी 40 सेंटिमीटर झाली की तेही अपुरे. शिवाय कलता ठेवताना खालचा कोपरा जमिनीत घुसतो, इंजिन त्याला बाहेर ढकलतं आणि प्राणी तोफगोळ्यासारखा उडतो. त्याचेही गुण मिळतातच! शेवटी सरळ नियम केला: शरीराची सगळ्यांत लांब बाजू आडवी, आणि सगळ्यांत खालचा कोपरा जमिनीच्या 1 सेंटिमीटर वर.

खांब गेला की थरथरणारे येतात. चिमुकला ठोकळा, अचाट ताकद, आणि संपर्काच्या गणितातल्या चुकीवर पुढे सरकणं. सांध्याचं कमाल बल जोडलेल्या भागांच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठेवा. सिम्सनेही तेच केलं होतं. शिवाय इंजिनच्या गणिताचा वेळेचा टप्पा 1/240 ऐवजी 1/960 सेकंद ठेवून प्रत्येक विजेता पुन्हा चालवून बघा. अंतर निम्म्यावर आलं तर तो चालत नव्हता, तुमच्या इंजिनच्या चुकीवर जगत होता.

माझा एक सहकारी आजही म्हणतो, "मेंदू लहान पडतोय, नेटवर्क वाढव." अरे बाबा, मोठा मेंदू दिलास तर तो आणखी सफाईने पडेल! अल्गोरिदमचं नाव 'नीट' असलं म्हणून फिटनेस नीट होत नाही.

आता पॉप्युलेशन. सिम्सच्या एका रनमध्ये 300 प्राणी, दर पिढीला पाचातला एक टिकणारा, आणि 100 पिढ्या; 32 प्रोसेसरच्या सीएम-5 या महासंगणकावर सुमारे 3 तास. टिकलेले पुन्हा तपासले नाहीत तरी जवळपास 24,000 चाचण्या होतात. तुमच्या जेमतेम 2,500. 200 च्या खाली जाऊ नका. लायब्ररी पायबुलेट घ्या की मुजोको (तसंच दुसरं इंजिन), इथे फार फरक पडत नाही.

हां, शरीर ठरलेलं असेल आणि फक्त मेंदूच उत्क्रांत करायचा असेल, तर 'नीट' खरंच कामाचा आहे. तेवढं त्या सहकाऱ्याचं खरं. आणि पोहणारे प्राणी हवे असतील तर वरचं निम्मं विसरा. पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये गुरुत्वाकर्षणच बंद असल्याने पडणं नाही, पण पहिल्याच झटक्यावर तरंगत जाणारे मिळतात. तिथे शेवटच्या टप्प्यातल्या वेगाला जास्त गुण द्या.