व्याह्यांच्या बोटीवर जावं का?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त पाटबंधारेवाल्याची उत्तरं

प्रश्न : आमचे अमेरिकेतले व्याही निवृत्त झाल्यावर ३६ फुटी बोट घेऊन 'ग्रेट लूप'ला निघाले आहेत. शिकागोपासून नद्यांनी खाली अलाबामातल्या मोबाइल शहरापर्यंत आम्ही उभयतांनी सोबत यावं असा त्यांचा आग्रह आहे. बरोबर इतरही बोटी असतात म्हणे. मी कृष्णेत पोहत वाढलो, पण सौ.ना पोहता येत नाही. शिवाय व्याह्यांकडे इतके दिवस राहणं बरं दिसेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जावं. पण पाहुणे म्हणून जाऊ नका. छत्तीस फुटी बोटीत मानपानाला जागा नसते, तिथं दोरी धरणारे हात लागतात. ते तुम्ही दोघांनी दिले तर विहीणबाईच तुम्हाला उतरू देणार नाहीत.

ग्रेट लूप म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागाला पाण्यावरून घातलेली प्रदक्षिणा, साधारण ६,००० मैलांची. अटलांटिकचा किनारा, हडसन नदी, १८२५ साली खुला झालेला ईरी कालवा, मोठी सरोवरं, शिकागो, मग नद्या आणि शेवटी मेक्सिकोचं आखात. बहुतेक जण वर्षभर घेतात. त्यांची संघटना १९९९ पासून आहे. बोटीवर पांढरा झेंडा असेल तर प्रदक्षिणा चालू आहे, सोनेरी असेल तर पुरी झाली.

तुमचा टप्पा नद्यांचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मजेचा. इलिनॉय नदीनं मिसिसिपीत उतरायचं. कैरो गावापाशी ओहायो नदी मिळते, तिथं बहुतेक लूपवाले मिसिसिपी सोडून ओहायोत वर चढतात. खालच्या मिसिसिपीत ओढ मोठी, मालवाहू तांडे मोठे आणि डिझेल मिळण्याची ठिकाणं फार थोडी. ओहायोतून कंबरलंड किंवा टेनेसी नदी, आणि पुढं टेनेसी-टॉमबिग्बी जलमार्ग. हा १९८५ साली खुला झाला, २३४ मैल लांब, त्यात १० लॉक. शिकागोच्या खाली एक पूल पाण्यापासून जेमतेम साडेएकोणीस फूट उंच आहे. तो उघडत नाही, आणि त्याला वळसाही नाही. आपण सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट चढलं ते बघतो, हे लोक वर किती फूट मोकळं उरलं ते बघतात. व्याह्यांनी बोट घेतानाच हे मोजलं असणार.

आता लॉक. दोन दरवाज्यांमधली काँक्रीटची अरुंद, खोल पेटी. बोटी आत घ्यायच्या, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडून द्यायचं, खालच्या पातळीला पोहोचलं की पुढचा उघडायचा. पंपबिंप काही नाही, सगळं उतारावर. आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलं तरी मेव्हण्याच्या बोटीवरून याच जलमार्गावरच्या व्हिटन लॉकमध्ये पहिल्यांदा उतरताना मी बघतच राहिलो. ८४ फूट खाली जातो आपण. भिंतीच्या खाचेत लोखंडी तरंगता खुंटा असतो, तो पाण्याबरोबर उतरतो आणि उतरताना मोटेच्या चाकासारखा कुरकुरतो. भिंत ओली, शेवाळलेली. वरचं आकाश हळूहळू अरुंद होत जातं.

तिथं तुमचं काम एकच. दोरी खुंट्याला वळसा घालून हातात धरायची, बोटीला मात्र गाठ मारायची नाही. खुंटा मध्येच अडकला आणि दोरी बांधलेली असली तर पाणी खाली जातं आणि बोट लटकते. म्हणून जवळ धारदार सुरी ठेवतात. सौ.ना हे काम छान जमेल. ताकद फारशी लागत नाही, नजर लागते. बोट भिंतीपासून ढकलायला हात किंवा पाय मात्र कधीही घालायचा नाही, त्यासाठी काठी असते.

पोहता येत नाही याची काळजी सोडा, पण लाइफ जॅकेट बाहेरच्या डेकवर कायम अंगात हवं. तुमच्याही! मिसिसिपीत मोठाले ओंडके वाहत येतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती ओढ परतू देत नाही.

मालवाहू तराफ्यांची भीती बाळगा. एकेक तराफा १९५ फूट लांब, असे पंधरा एकत्र बांधून मागून एक बोट ढकलत असते. तिच्या चालकाला पुढच्या तराफ्यांच्या नाकासमोरचं काहीच दिसत नाही. म्हणून रेडिओवर आधी विचारायचं, कोणत्या बाजूनं येऊ? 'एक शिट्टी' असं उत्तर आलं की समोरासमोरच्या दोघांनी उजवीकडं सरकायचं आणि एकमेकांना डाव्या हाताला ठेवून जायचं. लॉकमध्येही मान त्यांचा, हौशी बोटी सगळ्यांच्या मागं. तास-तास थांबावं लागतं.

या थांबण्यातच ती सोबत जमते. लॉकमध्ये हौशी बोटी घोळक्यानंच घेतात, त्यामुळं सकाळी कोण कधी निघणार हे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर ठरतं. जो तो आपली खुर्ची आणि एक पदार्थ घेऊन येतो. कुठं उथळ आहे, कुठला धक्का बंद आहे, कुणाचा पंप बिघडलाय, सगळं तिथंच कळतं. कालची अनोळखी माणसं सुटा भाग घेऊन येतात आणि इंजिनात डोकं घालतात. तुम्ही भडंग करा. चुरमुरे तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात, लसूण-मिरची बोटीवर असतेच.

परतीचं तिकीट मात्र बदलता येण्यासारखं काढा. वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो आणि अनेक विमा कंपन्या १ नोव्हेंबरआधी बोट दक्षिणेला नेऊ देत नाहीत, त्यामुळं ऑक्टोबरात सगळे टेनेसीच्या आसपास रेंगाळतात. स्वतःचा वैद्यकीय विमा वेगळा काढा. डिझेलचा खर्च व्याही घेणार नाहीत, तेव्हा किराणा तुम्ही भरा. तो वाद पहिल्याच दिवशी मिटवा.

प्रश्न : आम्ही मित्र कयाक घेऊन कऱ्हाड ते नृसिंहवाडी असं कृष्णेतून जायचं म्हणतोय. जमेल?
– एक वाचक, भिलवडी

उत्तर : जमेल, पण आपल्या बंधाऱ्यांना लॉक नाहीत. बहे, नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ, प्रत्येक ठिकाणी कयाक उचलून काठानं खाली न्यावी लागेल. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर खालच्या भोवऱ्याजवळ फिरकूसुद्धा नका. उपसा योजनांच्या जॅकवेलपासून (नदीचं पाणी खेचणाऱ्या विहिरींपासून) आणि कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा.

मगरी तुमच्याच गावच्या, तुम्हाला काय सांगू. थंडीत सकाळी त्या काठावर उन्हाला पडलेल्या असतात. कयाक मधल्या धारेत ठेवा आणि अंघोळीला पाण्यात उतरू नका. फेब्रुवारीनंतर अंड्यांचे दिवस, तेव्हा हा बेत नको. डिसेंबर बरा. वनखात्याला आणि वाटेतल्या पोलीस ठाण्यांना आधी कळवा. ब्रह्मनाळला २०१९ च्या महापुरात बोट उलटून माणसं गेली, ते तुमच्या घरात कुणी विसरलं नसेल, त्यामुळं परवानगी मागायला जाताना जॅकेटं सोबतच न्या.

आणि वाडीला गुरुवारी किंवा पौर्णिमेला पोहोचू नका. घाटावर कयाक टेकवायला जागा मिळणार नाही.