'आरक्षण' नको, पाळी कुठून आली ते बघा

चाळीसगावहून एका वाचकानं विचारलंय : एकाच सर्व्हरवर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले आभासी संगणक, चालतात, त्यांना प्रोसेसर देताना 'शेअर' आणि 'रिझर्वेशन' हे शब्द येतात. 'रिझर्वेशन'ला 'आरक्षण' म्हणावं का?

नका म्हणू. ते 'आरक्षण' ऐकून कान किटले. आरक्षण म्हटलं की रेल्वेचा बर्थ आठवतो, दुसऱ्यानं टेकायचंसुद्धा नाही. व्हीस्फिअर या अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका मशीनला प्रोसेसरचे २००० मेगाहर्ट्झ राखून दिले आणि ते निवांत पडलं असलं, तर शेजारची मशीन ते खुशाल वापरतात. त्याला गरज लागली की परत मिळतात. ही 'हमी' झाली. तेवढी हमी देणं जमणार नसेल तर ते मशीन सुरूच होऊ देत नाहीत.

'शेअर'ला 'वाटा' म्हणतात, पण त्यानं भाकरी मोडून दिल्यासारखं वाटतं. इथे प्रोसेसरचा गाभा (कोअर) तोडून देत नाहीत, आळीपाळीनं वेळ देतात. शेअरच्या कमी, मध्यम, जास्त या पातळ्यांचं प्रमाण १:२:४, आणि तेही ओढाताण झाली तरच लागू. म्हणून माझा शब्द 'पाळी'.

पाळीचे सर्वांना ठाऊक असलेले अर्थ सोडतो. संस्कृतात 'पालि' म्हणजे कड, बांध, ओळ. कानाची पाळी तीच, कर्णपालि. तळ्याची पाळही तीच. पाली भाषेचं नावसुद्धा ग्रंथातल्या 'ओळी'वरून आलं, असं मानतात. एक निवृत्त प्राध्यापक मात्र हटून बसलेत, की क्रम 'पाळायचा' म्हणून पाळी. मग कानाची पाळी कोण पाळतं, सर? दुसऱ्या गृहस्थांनी आमच्याकडचं 'पायी' ऐकून तिला पायाशी नेऊन बांधलं. अहो, खानदेशात केळीचीही 'केयी' होते, तिचं नातं आता केसांशी जोडणार का?

माझं मत विचाराल तर 'क्रम' हा अर्थ बांधावरच फुटला. धुळ्याकडच्या पांझरेकाठची फड बागायत बघा (फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा पट्टा) : नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटावर पाटकरी, आणि शेताशेताला पाणी देणारा बारेकरी. पाणी एका बांधाआडून दुसऱ्या बांधाआड सरकतं, तोच क्रम. शेतकरी स्वतः दार उघडत नाही. पाणी कमी असलं की एखादा फड त्या वर्षी कोरडाच ठेवतात, कुरकुर चालत नाही. सर्व्हरमध्ये कोणत्या मशीनला कधी गाभा द्यायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरला मी तर बारेकरीच म्हणतो. मशीन कामाला तयार आहे पण गाभा मोकळा नाही, तो वेळ तिथे 'रेडी टाइम' म्हणून मोजतात. बांधावर फावडं घेऊन बसलेला माणूस आठवा.

'लिमिट'चं तुम्ही विचारलं नाहीत. त्याला सरळ 'मर्यादा' म्हणा. ती लावली की पाट तुडुंब वाहत असला तरी वर थेंबभर मिळत नाही.