‘काका म्हण ना रे!’ म्हटलं की तो गप्प

घरी आलेल्या माणसाला मुलाने काय म्हणावं, ही तक्रार घेऊन सहसा कुणी समुपदेशकाकडे येत नाही. ती दुसऱ्या तक्रारीच्या शेपटाला बांधून येते. अभ्यास, मोबाइल, हट्ट सगळं सांगून झालं की उठता उठता आई म्हणते, “आणि मॅडम, कुणी आलं ना, तर हा साधं ‘काका’ म्हणत नाही. इतकी लाज वाटते!” जळगावात बसून अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडून येणाऱ्या घरांचं मी हे ऐकत आलेय. त्यातलं एक घर इथे सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओमकार आठ वर्षांचा, तिसरीत. जन्म पुण्याचा. वडिलांनी कंपनीतली नोकरी सोडून अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावी शेती आणि खताबियाण्यांचं दुकान सांभाळायचं ठरवलं, आणि हे कुटुंब आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास गावी आलं. पुण्यात दार बंद असायचं. बेल वाजली तरच माणूस, आणि तो अंकल नाहीतर आंटी. इथे ओसरीवर सकाळपासून माणसं. कुणाला युरिया हवा, कुणाला कपाशीवरची अळी दाखवायचीय, कुणी नुसताच चहाला. प्रत्येकजण विचारणार, “काय रे पोऱ्या, नाव काय तुन्हं?” आणि ओमकार खांबाला टेकून जमिनीकडे बघणार. आजी वैतागून म्हणायची, “पोऱ्या मुका शे का? शहरमा राहीसन माणसं विसरी गया.” वडिलांनी एकदा चारचौघांत पाठीत धपाटा घातला. त्यानंतर तो ओसरीवर यायचाच बंद झाला, तेव्हा आई त्याला घेऊन आली.

अशा वेळी मी आधी दोन-तीन गोष्टी विचारून घेते. मूल सगळ्यांशीच गप्प आहे की ठरावीक माणसाशी? शाळेत बोलतं का? कधीपासून? घरात भरभरून बोलणारं मूल शाळेत किंवा बाहेर तोंडच उघडत नसेल आणि हे महिनाभरापेक्षा जास्त चाललं असेल (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत), तर तो निवडक मूकतेचा प्रकार असू शकतो. तो चिंतेचा विकार आहे, संस्कारांशी त्याचा संबंध नाही, आणि ‘बोल, बोल’ म्हणून दबाव आणला की तो वाढतो. ओमकारचं तसं नव्हतं. वर्गात तो उत्तरं देत होता, मित्रांशी भांडत होता, किराणा दुकानातून सुटे पैसे मोजून आणत होता. अडत होतं ते फक्त हाक मारण्यापाशी.

मी त्याला ओसरीचं चित्र काढायला सांगितलं. माणसं काढली, मग एकेकावर बोट ठेवून मी विचारत गेले, “यांना काय म्हणतात?” एका फेटेवाल्या गृहस्थांपाशी तो थांबला. “आजोबा म्हणतात आप्पा. पप्पा म्हणतात काका. आजी म्हणते भाऊ. मग मी?”

खानदेशातल्या ओसरीवर वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. नाना, आप्पा, आबा, तात्या, बापू, जिभाऊ, आक्का, जिजी ही सगळी हाकांची गर्दी त्याच्या कानावर पाळण्यातच पडते आणि कोणती हाक कुणाची, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेरून आलेल्या मुलाला मात्र यात कसलाच नियम दिसत नाही. त्यातून गावकीची नाती. वडिलांच्या गावचा प्रत्येक माणूस काका नाहीतर आजोबा, आणि आईच्या गावचा सगळा गाव मामा. ओमकार आईच्या माहेरी गेला, पारावरच्या एका म्हाताऱ्याला शहाण्यासारखं ‘काका’ म्हणाला, आणि सगळा पार हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आठ वर्षांच्या मुलाला हसण्यातला लाड आणि टिंगल वेगळी करता येत नाही.

दुसरी ठेच शाळेत लागली. घरी आई, आजी, मावशी सगळ्यांना ‘तू’. आजीला ‘तू’ म्हणण्यात काही वावगं नाही, उलट ‘तुम्ही’ म्हटलं तर तीच विचारेल की काय झालं. त्याच जिव्हाळ्याने त्याने नव्या बाईंना विचारलं, “तू उद्या येशील ना?” बाईंनी वर्गासमोर सुनावलं. त्याच्या हिशेबाने त्या त्याला आवडत होत्या, म्हणून ‘तू’.

म्हणजे एकदा हसं झालं, एकदा बोलणी बसली. न बोलण्यात तेवढा धोका नव्हता. त्याने स्वतःच मला सांगितलं, “चुकलं की हसतात.” आईबाप ज्याला उद्धटपणा म्हणत होते तो या मुलाचा सावधपणा होता, आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत तो तसाच असतो.

चित्रात ओसरीच्या बाहेर, ट्रॅक्टरपाशी, आणखी एक माणूस होता. पांढऱ्या मिशा. “हा सोमा.” सोमा त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर, आजोबांच्याच वयाचा, भिल्ल वस्तीवर राहणारा. “त्याला काय म्हणतोस?” “सोमा. ए सोमा.” हे सांगताना आवाज अगदी मोकळा. सगळ्या ओसरीत या मुलाला न अडखळता हाक मारता येत होती ती या एकाच मोठ्या माणसाला, कारण तिथे चुकायची भीती नव्हती. मग जरा थांबून त्याने विचारलं, “पण तो आजोबांएवढाच आहे ना? त्याला आबा म्हटलं तर आजोबा रागावतील?”

पुढच्या वेळी मी आजोबांनाही बोलावलं. ते आले, हे विशेष. आमच्याकडे समुपदेशनाला आजोबा येणं म्हणजे आईवर सोडलेलं काम घराचं झालं असं मी समजते. मुलाचा प्रश्न मी जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, “आम्ही संगेच लहानाचे मोठे झालो. मी त्याले सोमा म्हनस, तो माले आबा म्हनस.” मी विचारलं, वय तर सारखंच ना? ते हसले, उत्तर दिलं नाही. मग खरी अडचण बाहेर आली: पोरंसोरं मान द्यायला लागली तर आखाजीला सालाची बोली करताना तो डोक्यावर बसेल. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि मजुरी तेव्हाच ठरते, म्हणून ही भीती अगदी हिशेबाची होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की बोली पैशांची करा, हाकेची त्यात धरू नका.

या मुद्द्यावर मी तटस्थ नाही, ते इथेच सांगून टाकते. ‘मुलांना मोठ्यांचा मान ठेवता येत नाही’ म्हणणाऱ्या अर्ध्याअधिक घरांत मोठे म्हणजे कोण, हे आधीच ठरलेलं असतं. कामवाली, रिक्षावाला, शाळेचा शिपाई त्यात बसत नाहीत. मूल आपल्या उपदेशापेक्षा आपली हाक ऐकतं. आणि हाकेचं मोल काय असतं ते याच खानदेशात लोकांनी स्वतः दाखवलंय. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी आदिवासींमध्ये व्यसनमुक्तीची आणि सामूहिक आरतीची चळवळ उभी केली, तिच्यात माणसं एकमेकांना ‘आप की जय’ म्हणून भेटत. ज्यांना आयुष्यभर ‘ए’ ऐकावं लागलं त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, ही लहान गोष्ट नव्हती. आजोबांना ही चळवळ ऐकून माहीत होती. ते म्हणाले, “आते समजनं तुमले काय म्हननं शे ते.” पटलं की नाही ते बोलले नाहीत.

सोमाला काय म्हणायचं, ते ठरवायला मी ओमकारलाच त्यांच्याकडे पाठवलं: “तुम्हाला काय म्हणू?” एवढंच विचारायचं. सोमा म्हणाले, काही बी म्हण. हेच उत्तर येणार हे मला माहीत होतं. कुणी कधी विचारलेलं नसतं, तेव्हा माणसाकडे उत्तर तयार नसतं. ओमकारने ‘सोमाबाबा’ निवडलं. घरात आधी आईने तीच हाक उचलली, मग वडिलांनी. आजोबा अजून ‘सोमा’च म्हणतात, आणि बरोबरीच्या माणसाला त्यांनी तसं म्हणावं, माझी हरकत नाही.

“तुम्हाला काय म्हणू?” हा प्रश्न मी आता बहुतेक मुलांना शिकवते. नव्या माणसासमोर तो नम्र असतो, आणि हसं व्हायची भीती जाते, कारण नाव समोरच्यानेच दिलेलं असतं. पालकांचं काम त्याच्या आधीचं. पाहुणा दारात यायच्या आत मुलाच्या कानात एक वाक्य: “हे आजोबांचे मित्र, आपण त्यांना आप्पा म्हणतो.” पाहुण्यासमोर “काय म्हणायचं? काय म्हणायचं सांग?” अशी तोंडी परीक्षा घ्यायची नाही. बाहेरच्या मोठ्या माणसाला, तो कोणीही असो, ‘तुम्ही’. त्याने स्वतःहून ‘तू म्हण’ म्हटलं तर ‘तू’. नातं लावायला जमत नसेल तर नुसता नमस्कारही पुरतो. समोरचा राम राम म्हणाला तर राम राम, जय भीम म्हणाला तर जय भीम, महानुभाव पंथाचा असेल आणि दंडवत म्हणाला तर दंडवत, सलाम केला तर सलाम. एवढ्या सगळ्यांची ये-जा एकाच ओसरीवर असते, तेव्हा हे मुलाला लवकर येतं. ओमकारला तर त्याचा खेळच वाटायला लागला. पाया पडणं मी मुलाच्या मर्जीवर सोडते, आणि यावर आज्या माझ्याशी भांडतात.

महिन्या-दोन महिन्यांत तो ओसरीवर बोलायला लागला. एक माणूस सोडून.

वडिलांचे एक व्यापारी मित्र. ते आले की तो आत पळायचा. गप्प बसणं सगळ्यांशी असेल तर ते शिकवण्याने सुटतं. एकाच माणसाशी असेल तर तिथे शिकवायला जायचं नाही, विचारायला जायचं. मी ओमकारशी एकट्याने, सावकाश बोलले. ते गृहस्थ त्याचा गाल धरून ठेवायचे: “काका म्हण, मगच सोडतो.” दुखायचं, आणि सगळे हसायचे. त्यापलीकडे काही घडलं नव्हतं, याची मी खात्री करून घेतली. पण आईवडिलांना मी स्पष्ट सांगितलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच दाखवतात. आणि ज्याला आपण ‘काका म्हण’ म्हणून जवळ ढकलतो, त्याच्याबद्दल तक्रार करायला मुलाची जीभ रेटत नाही. हाक मारली म्हणजे अंगाला हात लावायची मुभा मिळत नाही, हे मुलाला शब्दांत सांगावं लागतं. संशय आला तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा नंबर आठ वर्षांच्या मुलाला पाठ असायला काहीच हरकत नाही.

वडिलांना त्या मित्राशी बोलणं जड गेलं, कारण त्याच्याकडे दुकानाची उधारी होती. पण बोलले: “त्याला गाल धरलेला आवडत नाही, धरू नका.” मित्राने “पुण्याची हवा लागली वाटतं” म्हणून हसण्यावारी नेलं, पण हात आवरला. आता ते आले की ओमकार दोन हात लांबून “नमस्कार” म्हणतो आणि आत जातो. आजीचं म्हणणं, एवढ्याने भागत नाही, पोराने निदान पाण्याचं तरी विचारावं. त्यावर आमचं दोघींचं अजून चालू आहे.