आठ महिने उभी राहणारी गाडी: विकायची, की सांभाळायची?

अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मे अखेरीस आम्ही दोघं मुलाकडे कॅनडाला निघतो आहोत. परत यायला जानेवारी संपेल. गाडी 2017 ची आहे, पेट्रोलवरची, 1197 सीसी, कर्ज फिटलेलं. दलाल 3 लाख 10 हजार द्यायला तयार आहे. विकली नाही तर मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी करून चावी भाच्याकडे ठेवेन. विमा 18 जुलैला संपतो. गाडी रस्त्यावर येणारच नाही, तर यंदा तो भरायचा कशाला? शेजारी म्हणतात, 'उभी गाडी खराब व्हस', विकून मोकळे व्हा. काय करू?"

काका, गाडी विकू नका, विमा सोडू नका आणि गाडी मळ्यातल्या शेडमध्ये ठेवू नका. या तिन्हींमध्ये सर्वात जास्त काळजी मला विम्याची वाटते, कारण तिथे पैसे वाचल्यासारखे दिसतात आणि प्रत्यक्षात जातात.

कायद्याबाबत तुमचं म्हणणं खरं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, सक्तीचा आहे तो सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्यासाठी. स्वतःच्या आवारात बंद उभ्या असलेल्या गाडीबद्दल कोणी तुम्हाला दंड करणार नाही. पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीत गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, म्हणजे ओन डॅमेजचा, मूळ प्रीमियम साधारण 9,000 रुपये आहे. त्यावर तुम्हाला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मिळतो, म्हणून तुम्ही 4,500 भरता. त्यात 1000 ते 1500 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टीचा 3,416 हा दर, जून 2022 पासूनचा, आणि वर 18 टक्के जीएसटी धरला की वर्षाचे होतात सुमारे 9,341 रुपये. तुमच्या मते हे सगळे वाचतील. तसं होत नाही. जानेवारी अखेरीस परत आल्यावर गाडी रस्त्यावर काढायला विमा घ्यावाच लागेल, तोही पूर्ण वर्षाचा. म्हणजे तुम्ही फक्त जुलै ते जानेवारी हे सहा महिने टाळले. खरी बचत झाली सुमारे 4,670 रुपयांची.

आता तोटा बघा. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तुमच्या बाबतीत ती मुदत 16 ऑक्टोबरला संपते. मग पहिल्या वर्षी बोनस नाही, आणि एकही क्लेम न करता गेलेल्या पुढच्या वर्षांना 20, 25, 35, 45 टक्के असं चढत पुन्हा 50 पर्यंत पोचायचं. मूळ प्रीमियम 9,000 च राहिला असं सोयीसाठी धरलं तरी या पाच वर्षांत तुम्ही आजच्यापेक्षा 11,250 रुपये जास्त भराल, जीएसटीसह 13,275. पावणेपाच हजार वाचवायला सव्वातेरा हजार द्यायचे, हा व्यवहार तुम्ही वर्गातल्या पोरांनासुद्धा करू दिला नसता. शिवाय खंड पडलेल्या गाडीची कंपनी आधी तपासणी मागते, ती दगदग वेगळीच.

यावर मधला रस्ता म्हणून बरेच जण सुचवतात की नुसता थर्ड पार्टी घ्या. तो तुमच्यासाठी उपयोगाचा नाही. त्यात आग, चोरी, पुराचं पाणी, पावसाळ्यात गाडीवर पडलेली फांदी, यातलं काहीच भरून मिळत नाही, आणि उभ्या गाडीला भीती असते ती नेमकी याच गोष्टींची. ओन डॅमेजला खंड पडल्यामुळे बोनस जातो तो जातोच. त्यापेक्षा नूतनीकरणाच्या वेळी कंपनीला विचारा, चालवलेल्या किलोमीटरवर प्रीमियम ठरणारं जोडकलम आहे का. विमा नियामकाने जुलै 2022 पासून कंपन्यांना त्याची परवानगी दिली आहे. आठ महिने जवळजवळ न फिरणाऱ्या गाडीला त्याचा फायदा झाला पाहिजे. जुलैचा प्रीमियम निघण्यापूर्वीच भरता येतो का, तेही विचारून ठेवा. नाही जमलं तर तिकडून ऑनलाइन भरता येईल, पण त्यासाठी ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येणार. ते सिम रिचार्ज करून, रोमिंग सुरू करूनच विमानात बसा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मंडळींचं काम परदेशात गेल्यावर अडतं ते या एका गोष्टीपायी.

विक्रीचा हिशेब लवकर उरकतो. 3 लाख 10 हजार साडेसहा टक्क्यांनी आठ महिने मुदत ठेवीत ठेवले तर सुमारे 13,400 रुपये व्याज. वर्ष बदललं की जुन्या गाडीचा भाव उतरतो, ती घट मी 25 ते 30 हजार धरतो. विम्याचे सहा महिने आणि गाडी उभी करण्या-उठवण्याचा खर्च मिळून 12 हजार. म्हणजे ठेवण्याची किंमत 50 ते 55 हजार. हा आकडा ऐकून विकावीशी वाटेल. पण तुम्हाला परत आल्यावर गाडी लागणार आहे, काकूंच्या डोळ्यांसाठी धुळ्याला फेऱ्या आहेत, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्या वेळी गाडी घ्यायला गेलात तर घट तीच असली तरी वर दलालाचं कमिशन, नावावर करण्याचा खर्च, आणि अनोळखी गाडीत पहिल्या सहा महिन्यांत निघणारी कामं. हे सगळं मिळून 40 ते 50 हजारांच्या खाली जात नाही असा माझा अंदाज आहे. थोड्याफार फरकासाठी नऊ वर्षं एकाच हातात असलेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली गाडी मी देणार नाही.

मळ्यातल्या शेडबद्दल मात्र माझं मन ठाम आहे. तुमच्या पत्रात ओघात आलं आहे की तिथे कडबा रचलेला असतो आणि दिवाळीनंतर वेचलेला कापूस येऊन पडतो. जिथे कडबा आणि कापूस, तिथे उंदीर. गरम बॉनेटखालची वायरिंग त्यांनी कुरतडली की आख्खी हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, बदलावी लागते आणि ते बिल बॅटरी-टायरच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं. कडब्याला ठिणगी लागली तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. घराच्या पोर्चमध्ये ठेवा. वर झाड असेल तर चिकटा आणि पाखरांची विष्ठा रंग खाते, म्हणून सुती, हवा खेळणारं कव्हर घाला. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यातली ओल कोंडते आणि पत्रा गंजतो. आपल्याकडे मे-जूनचं ऊन 45 अंशांवर जातं, त्यात डॅशबोर्ड आणि रबरं तडकतात, तेव्हा कव्हर निघायच्या दिवशीच घाला, पावसाची वाट बघू नका.

भाच्याला चावी द्या, पण कामासकट. दर पंधरा दिवसांनी त्याने गाडी काढून पारोळ्यापर्यंत नेऊन आणावी आणि मीटरचा फोटो तुम्हाला पाठवावा. इंजिन, एसी, ब्रेक सगळं पुरतं तापलं पाहिजे. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं सर्वात वाईट. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढं तेवढ्या वेळात भरत नाही, आणि इंजिन पुरतं न तापल्याने तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गाडी अशी फिरत राहिली तर बॅटरी टिकते, टायर एकाच जागी चपटे होत नाहीत, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरत नाही. भाच्याला हे जमणार नसेल तर तसं आताच स्पष्ट बोलून घ्या आणि मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा.

निघण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. वापरलेल्या तेलातली आम्लता आठ महिने इंजिनात राहू नये. टाकी जवळजवळ भरा. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ओल धरायची सवय आहे आणि रिकाम्या टाकीत ओलसर हवा जास्त असते. भाचा फिरवत राहिला तर ते पेट्रोल वापरलं जाईल. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा मारा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पहिला गिअर टाका आणि चाकांना विटा लावा.

भाच्याला आणखी एक सांगायचं आहे आणि ते तुम्हाला जड जाईल. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला, नंतर लग्नसराईत, गावात उभी असलेली गाडी मागायला लोक येतात. नाही म्हणायची ताकद त्याला तुम्ही द्या: "मामांनी सांगितलंय, माझ्याशिवाय कोणी चालवायची नाही." आरसीवर नाव तुमचं आहे. लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी चालवू दिली तर कलम 180 खाली मालकाला 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. भाड्याने गाडी दिली तर क्लेमच धोक्यात येतो. भाच्याचं लायसन्स चालू आहे ना, ते आधी तपासा. दुसरी चावी त्याच्याकडे नको, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, कारण चोरीचा क्लेम करताना कंपनी दोन्ही चाव्या मागते.

"वेळ पडली तर भाचा विकून टाकेल" म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून कोरे मागे ठेवायचा विचार तुम्ही लिहिला आहे. तो सोडा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो भरपाईच्या दाव्यात मालक, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. तुम्ही कॅनडात आणि गाडी कोणाच्या तरी तिसऱ्याच हातात, हे नको.

त्याऐवजी विक्रीची वाट कागदांनी आताच मोकळी करून ठेवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का बघा. असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 देऊन काढून घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. बसवली नसेल तर निघण्यापूर्वी बसवा.

आणि दिवाळीत मुलाशी बोलून एकदा नक्की करा. परतीचं जानेवारीतच ठरलं असेल तर प्रश्न नाही. मुक्काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबत असेल तर माझं उत्तर बदलतं. वर्षाच्या पुढे दुसरा प्रीमियम, दुसरी घट आणि नवी बॅटरी यांचा भार चढतो, मग मधे एखादी फेरी माराल तेव्हा स्वतः हजर राहून गाडी विका. त्या वेळी कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि पुढे घ्याल त्या गाडीला तुमचे 50 टक्के लागतात.