वाचकांचे प्रश्न : गाडी सोडावी का?

प्रश्न : मी बरीच वर्षे ट्रक चालवतो. सध्या चाकणहून मोटारींचे सुटे भाग भरून चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नेतो. मालक वाईट नाहीत, पगार आणि भत्ता वेळेवर मिळतो. परंतु गाडी भरून निघाली की दोन दिवसांत पोचण्याचा तगादा सुरू होतो आणि तिकडे पोचल्यावर मात्र गाडी खाली होण्यासाठी कधीकधी दीड दिवस गेटबाहेर थांबावे लागते. घरी आलो तरी झोप लागत नाही, मुलांवर विनाकारण चिडतो, छातीत धडधडते. पूर्वी या कामाचा अभिमान वाटत असे. आता स्टिअरिंग हातात घेण्याचीही इच्छा होत नाही. माझे मन कमजोर झाले आहे का? गाडी सोडून शेतीकडे वळावे का?
— एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मनाच्या कमजोरीची एकही खूण मला दिसली नाही. दिसतो तो दीर्घकाळ साचलेला झोपेचा तुटवडा, आणि दोन दिवसांचा तगादा व दीड दिवसाचे ताटकळणे यांतील विसंगतीने आलेला संताप. प्रथम धडधडीकडे लक्ष द्या. येत्या सुट्टीत सरकारी रुग्णालयात रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्या. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, हे पत्नीला विचारून डॉक्टरांना सांगा. तसा त्रास असेल तर रात्रभर झोपूनही थकवा जात नाही आणि चिडचिड वाढते. त्यावर उपचार आहेत.

आता झोपेबद्दल. रात्री साधारण दोन ते सहा या वेळेत, आणि काही प्रमाणात दुपारी, शरीर आपोआप मंदावते. कितीही अनुभवी चालक असला तरी त्यातून सुटका नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर भरलेली गाडी चालकाविना साठ मीटरहून अधिक अंतर कापते. काच खाली करणे किंवा मोठ्याने गाणी लावणे यांनी झोप जात नाही. पापण्या जड होताच सुरक्षित जागी गाडी उभी करा, हवा तर चहा घ्या आणि वीस मिनिटे आडवे व्हा; चहाचा असर चढायला तसाही अर्धा तास लागतो. पुढे जागरणासाठी कुणी गोळी देऊ केली, तर ती कधीही घेऊ नका.

मात्र केवळ तुम्ही काळजी घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण तगाद्याचे मूळ वेळापत्रकात आहे. चाकण ते श्रीपेरुंबुदूर हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी पूर्वमंजुरीने दिवसाला दहा तासांपर्यंत मुभा दिली, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत सामावला असला तरी आठ तासांचे सूत्र कायम आहे. खंबाटकीचा चढ, टोलनाके आणि बेंगळुरूभोवतीची कोंडी धरून ताशी चाळीस किलोमीटरची सरासरी पडली, तर रोज दहा तास चालवूनही तीन दिवस लागतात. मालाच्या ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या सरकारी वाहतूक-कागदाची, मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असते, म्हणजे या अंतराला ती सहा दिवसांची मिळते. तेव्हा दोन दिवसांचा आग्रह सरकारी कागदाचा नाही, तो माल मागवणाऱ्याचा आणि मधल्या दलालाचा आहे. एकट्या चालकाला तीन दिवस द्यावेत, नाहीतर दुसरा चालक द्यावा, ही मागणी मालकांशी समोरासमोर बसून, हाच हिशेब कागदावर मांडून करा. मालक वाईट नाहीत असे तुम्हीच लिहिले आहे. अशा माणसाशी बोलण्यात अर्थ असतो.

गेटवर पोचल्याची वेळ दर वेळी बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून शिक्का घ्या, किंवा नोंदवहीचा फोटो काढून मालकांना पाठवा. त्या आधारावर त्यांना हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याची भरपाई, मागता येते, आणि त्यातला वाटा तुम्हाला मिळावा हे बोलणेही सोपे जाते. पैशापेक्षाही, आपला वेळ कुठेतरी मोजला जातो आहे ही जाणीव माणसाला सावरते.

अभिमानाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले. मोटारींचे कारखाने सुट्या भागांचा फार साठा ठेवत नाहीत. तुमची गाडी वेळेवर पोचली नाही, तर तिथली उत्पादनाची साखळी अडू शकते. भरलेली गाडी ब्रेक तापू न देता योग्य गिअरमध्ये घाट उतरवणे, पावसात ताडपत्री अशी आवळणे की एकही खोका भिजू नये, आवाजावरून टायरची अवस्था ओळखणे, ही विद्या वर्षानुवर्षांच्या अनुभवानेच येते. ती एखाद्या होतकरू क्लीनरला मनापासून शिकवून पाहा. शिकवताना आपल्याला काय येते हे माणसाला नव्याने कळते.

आणखी एक गोष्ट. तुमचा मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, पेठ नाक्यावरून तुमच्याच तालुक्यातून जातो. परतीच्या प्रत्येक फेरीत घरी एक पूर्ण रात्र, असा थांबा मालकांकडून ठरवून घ्या.

शेतीचा निर्णय तीन-चार महिने पुढे ढकला. पुरेशी झोप मिळू लागल्यावरही स्टिअरिंग नकोसे वाटले, तर सांगली-पुण्यासारखी जवळची फेरी किंवा चालक प्रशिक्षणाचे काम हेही मार्ग आहेत. दरम्यान मन फारच खचले, तर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. ही सेवा विनामूल्य आहे.

प्रश्न : माझे पती लासलगावहून कांदा घेऊन कोलकात्याला जातात. फोन उचलला नाही की माझा जीव घाबरा होतो आणि मी पुन्हापुन्हा फोन करते. ते चिडतात. काय करावे?
— एक वाचक, निफाड तालुका, जि. नाशिक

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण चालत्या गाडीत वाजणारा फोन त्यांचे लक्ष विचलित करतो. सकाळी निघण्यापूर्वी आणि रात्री गाडी उभी केल्यावर त्यांनीच फोन करावा, असे दोघांनी ठरवा. विदर्भ आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात रेंज नसते, हे धरून तासाभराची सूटही ठेवा. घरातली कटकट, उसनवारी, मुलांच्या तक्रारी हे विषय गाडी उभी असतानाच काढावेत. गाडीचा क्रमांक, मालकांचा फोन आणि महामार्ग मदतीचा १०३३ हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा, आणि ठरलेली वेळ टळून तासाहून अधिक वेळ गेला तर आधी मालकांना फोन करा.