माळावरचे कुसळी गवत पडीक जमिनीची खूण आहे का?

पुणे-सोलापूर पट्ट्यातील माळांवर दिसणारे कुसळी गवत जमीन निकृष्ट झाल्याची खूण आहे का, आणि तेथे दाट झाडे लावून ते घालवावे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही अंशी होय’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘नाही’.

आधी ओळख पक्की करू, कारण अरिस्टिडा या वेगळ्या गवतालाही अनेक जण कुसळच म्हणतात. अरिस्टिडाच्या प्रत्येक बीला तीन कुसळे असतात. येथे अभिप्रेत असलेल्या हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टसच्या बीला एकच तपकिरी, दोन ठिकाणी वाकलेले, बोटभर लांब कुसळ असते आणि पक्व झाल्यावर अशी अनेक कुसळे तुऱ्याच्या टोकाशी एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. हे बहुवर्षायू, ठोंबाने वाढणारे गवत ज्वारी आणि ऊस ज्या गटात मोडतात त्याच गटातले आहे. तुऱ्याच्या खालच्या भागातील कणिशके (गवताच्या फुलांचे बारीक घटक) नर किंवा वांझ असतात व त्यांना कुसळ नसते. बी धरते ते वरच्या भागात, तेही बहुतांशी फलनाशिवाय, म्हणजे रोप जवळजवळ मातृवनस्पतीची प्रतिकृती असते.

बीची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. बीचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यावर वरच्या दिशेने वळलेली राठ लव असते, त्यामुळे आत शिरलेले बी सहसा मागे सरकत नाही. सुकलेले बी ओल्या फडक्यावर ठेवले, तर कुसळाचा पीळ उलगडू लागतो आणि वाकलेला भाग घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना डोळ्यांनी दिसतो. पुन्हा वाळले की पीळ परत बसतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या या हालचालीने बी मातीच्या भेगेत ढकलले जाते. ताजे बी लगेच उगवत नाही, त्याची सुप्तावस्था काही महिने टिकते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळलेल्या बीला पुढच्या पावसापर्यंत थांबायचे असल्याने ते सोयीचेच ठरते.

उन्हाळ्यात माळ पेटला, तरी मातीत शिरलेले बी बहुधा वाचते आणि ठोंबाच्या बुडाशी असलेल्या कळ्यांतून पावसाबरोबर नवे फुटवे येतात. म्हणूनच दरवर्षी वणवा लावल्यास आग सोसू न शकणाऱ्या वनस्पती मागे पडतात आणि कुसळीचा वाटा वाढतो.

चराईचाही परिणाम तसाच होतो. जनावरे शेडा आणि मारवेल यांसारखी रुचकर गवते आधी खातात. कुसळी कोवळी असताना चांगला चारा असते, परंतु बी पिकल्यावर कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत, तसेच शेळ्यांच्या तोंडात रुततात, म्हणून मेंढपाळ असा माळ टाळतात. शेडा-मारवेल नाहीसे होऊन नुसती कुसळी उरली असेल, तर चराईचा ताण जास्त झाला आहे, असे समजावे. पण ताण आणखी वाढला की कुसळीही विरळ होते आणि वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात आयुष्य संपवणारी गवते तिची जागा घेतात. त्यामुळे कुसळी असलेला माळ सुधारण्याजोगा असतो, हे माझे ठाम मत आहे. गवत फुलोऱ्यावर येताच, बी पिकण्यापूर्वी कापावे आणि काही भाग आळीपाळीने चराईबंद ठेवावा.

झाडांविषयी सांगायचे, तर या गवताला भरपूर ऊन लागते. विखुरलेले हिवर, बोरी यांच्या सोबतीने ते सुखाने वाढते, पण गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाच्या दाट लागवडीखाली ते टिकत नाही, आणि मग त्याच उघड्या माळावर वावरणारे धाविक व चंडोल हे पक्षी, काळवीट आणि लांडगे यांचाही आसरा जातो.