बॉब ग्रॅहम रिले: पहिल्यांदा सपोर्टला जाताना

तू सपोर्टला, म्हणजे धावपटूंच्या मदतीला, जाते आहेस, फार बरं वाटलं. ही डोंगरातली आळीपाळीने धावायची रिले: इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं, पाच टप्पे. धावपटूंची अदलाबदल थ्रेलकेल्ड, डनमेल रेझ, वॉसडेल हेड आणि होनिस्टरला.

नवख्यांची गफलत वॉसडेलला होते. नकाशावर जवळ दिसतं, पण गाडीला डोंगरांभोवती लांबलचक वळसा पडतो. तिसरी धावपटू डनमेलहून सुटली की लगेच नीघ. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नकोस.

- आलेल्या मुलीला आधी कोरडे कपडे, मग चहा. बोटं गारठलेली असतात. लेस आणि घामाने चिकटलेली स्पोर्ट्स ब्रा सोडवायला मदत लागते. आडोशाला मोठा टॉवेल धर.
- पुढचीचं जॅकेट शेवटच्या मिनिटाला उतरव.
- पॅड, टॉयलेट पेपर वरच्याच पिशवीत.

वेळेची गणितं कॅप्टन सांभाळेल. ती नंतर शिकशील.